कॉलेजच्या कोचकडून लवकर स्कॉलरशिपची ऑफर आली, आता उत्तर काय द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या घरांसाठी आहे. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणारी, मुलगी पोहते किंवा मुलगा टेनिस-गोल्फ खेळतो अशी मराठी घरं. आणि पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिककडची, ज्यांच्या पोराला अमेरिकेतल्या कोचचा मेसेज आला आहे अशी घरं. नियम बहुतांशी एनसीएए डिव्हिजन वनचे आहेत (एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, डिव्हिजन वन हा तिचा सर्वांत वरचा गट). जिथे वेगळे आहेत तिथे तसं म्हटलं आहे. इयत्ता आपल्या पद्धतीने दिल्या आहेत: सोफोमोर म्हणजे दहावी, ज्युनिअर म्हणजे अकरावी, सीनिअर म्हणजे बारावी.

कोच फोनवर म्हणाला, "वी आर ऑफरिंग यू." याचा नेमका अर्थ काय?

आज त्याच्या मनात तुमच्या मुलासाठी जागा आहे, एवढाच. तोंडी ऑफर कोणालाच बांधत नाही, कोचला नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही "हो" म्हटलंत, सोशल मीडियावर विद्यापीठाची टोपी घालून फोटो टाकलात, तरी कायद्याच्या दृष्टीने काहीही झालेलं नसतं. बारावीच्या आधीच्या १ ऑगस्टपूर्वी डिव्हिजन वनचं विद्यापीठ स्कॉलरशिपची लेखी ऑफर देऊच शकत नाही. सही तर त्याहून पुढची गोष्ट. बहुतेक खेळांत ती बारावीच्या नोव्हेंबरपासून होते. म्हणजे दहावी संपता संपता आलेली ऑफर आणि सहीचा कागद यांत सव्वा वर्षाहून जास्त अंतर असतं. त्या काळात कोच नोकरी बदलतो, मुलाचा खांदा दुखावतो, विद्यापीठ बजेट कापतं.

तरीही तोंडी शब्दाला किंमत आहे. बहुतेक कोच शब्द पाळतात, कारण क्लबचे प्रशिक्षक एकमेकांशी बोलतात आणि शब्द फिरवणाऱ्याकडे पुढच्या वर्षी पोरं येत नाहीत. शब्द पाळला जाईल असं धरून वागा, पण पाळला गेला नाही तर काय, याची तयारी ठेवा.

कोच आमच्याशी कधीपासून बोलू शकतो?

डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून. त्याआधी कोच स्वतः मेसेज, फोन, ईमेल करू शकत नाही, तुमच्या फोनला उत्तर देऊन भरतीबद्दल बोलू शकत नाही आणि तोंडी ऑफरही देऊ शकत नाही. अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून ऑफिशियल भेट (विद्यापीठाच्या खर्चाने कॅम्पस पाहणं) चालते. सॉफ्टबॉल आणि लॅक्रोसला बोलणं सुरू करण्याची तारीख अकरावीचा १ सप्टेंबर, पुरुषांच्या आइस हॉकीला दहावीचा १ जानेवारी. अमेरिकन फुटबॉलचं गणित पूर्ण निराळं आहे, तिथे आठवीतल्या पोरांनाही ऑफर दिल्याच्या बातम्या येतात.

२०१९ पूर्वी एक पळवाट होती. कोच मुलाला फोन करू शकत नसे, पण मुलाने फोन केला तर बोलू शकत असे. मग क्लबचा कोच सांगायचा, "अमुक वाजता फोन लाव." नववीतल्या मुली कमिट व्हायच्या, म्हणजे तोंडी होकार देऊन टाकायच्या. ती वाट बंद केली, पण आडून निरोप पोहोचवणं पूर्ण थांबलं असं समजू नका. १५ जूनच्या आधी क्लबच्या कोचमार्फत "ते तुला ऑफर देणार आहेत" असं कळलं, तर ते ऐकीव समजा आणि त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका.

एनएआयए या वेगळ्या संघटनेच्या कॉलेजांना अशा तारखांचं बंधन नाही. तीही स्कॉलरशिप देतात, त्यामुळे नाव ऐकलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

पहिलं उत्तर काय आणि किती वेळात?

चोवीस तासांत. आणि ते मुलाने किंवा मुलीने स्वतः द्यायचं, बाबांनी नाही. आपल्याकडे ही सवय घट्ट आहे: पोरगा जेवतोय आणि बाबा त्याच्या नावाने ईमेल टाइप करतायत. कोचला दोन ओळींत ते कळतं. चार वर्षं त्याला या मुलाशी वागायचं आहे, त्याच्या वडिलांशी नाही. आईवडिलांनी पैशाच्या बोलण्यात जरूर बसावं, तेव्हा कोचचीही तीच अपेक्षा असते.

पहिल्या उत्तरात चार गोष्टी पुरेत. आभार. या विद्यापीठातलं नेमकं काय आवडलं त्याचं एक वाक्य. घरी बोलून अमुक तारखेपर्यंत पुढचं सांगतो. आणि ऑफर नीट समजून घेण्यासाठी वीस मिनिटांचा फोन किंवा व्हिडिओ कॉल मिळेल का. इंग्रजीत साधारण असा मजकूर करावा:

"कोच, ऑफरबद्दल मनापासून आभार. तुमच्या टीमचा सराव आणि इंजिनिअरिंगचं वेळापत्रक एकत्र सांभाळणारे खेळाडू आहेत हे पाहून मला विशेष आनंद झाला. आईबाबांशी बोलून मला नीट विचार करायचा आहे. ऑफरचा तपशील समजून घेण्यासाठी या आठवड्यात आपण बोलू शकू का? बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी, तुमच्या सोयीने."

भारतातून लिहीत असाल तर वेळ त्यांच्या टाइम झोनमध्ये लिहा. मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेचं घड्याळ एक तासाने सरकलेलं असतं, आपलं सरकत नाही. पहिलाच कॉल एक तास चुकवण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

त्याच फोनवर "हो" म्हणायचं नाही. कितीही आनंद झाला तरी.

कोचला कोणते प्रश्न विचारायचे?

सगळ्यात आधी पैसा, कारण नेमकी तीच गोष्ट विचारायला आपल्याला संकोच वाटतो. कोचला वाटत नाही, तो रोज हेच बोलत असतो.

"पन्नास टक्के" म्हणजे कशाचे पन्नास टक्के? हा एक प्रश्न विचारला नाही म्हणून घरांचे लाखो रुपये जातात. समजा एका सरकारी विद्यापीठाचा, राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यासाठीचा वर्षाचा खर्च असा आहे: ट्यूशन आणि फी ३८,००० डॉलर, राहणं-जेवण १५,०००, पुस्तकं १,२००, प्रवास आणि किरकोळ ३,८००. एकूण ५८,०००. ट्यूशनचे पन्नास टक्के म्हणजे १९,००० आणि तुमच्या खिशातून ३९,०००. एकूण खर्चाचे पन्नास टक्के म्हणजे २९,००० आणि खिशातून २९,०००. शब्द तोच, फरक वर्षाला दहा हजारांचा.

पुढचा प्रश्न: टक्के की ठरावीक डॉलर? खर्च दरवर्षी वाढतो. वाढ चार टक्के धरली तर वरचे ५८,००० चौथ्या वर्षी सुमारे ६५,२४० होतात. स्कॉलरशिप २९,००० डॉलरवरच गोठलेली असेल तर तेव्हा तुम्ही ३६,२४० भरत असता. टक्क्यांत असेल तर स्कॉलरशिपही वाढते.

मग: एका वर्षाची की अनेक वर्षांची? दोन्ही प्रकारचे करार होतात. एका वर्षाचा असेल तर नूतनीकरण कशावर ठरतं, आणि गेल्या तीन-चार वर्षांत किती खेळाडूंची स्कॉलरशिप कमी झाली, हे थेट विचारा. उन्हाळी सत्राचे पैसे मिळतात का, दुखापतीमुळे पाचवं वर्ष लागलं तर काय, हेही.

खेळाबद्दल: माझ्याच वर्षाच्या भरतीत, माझ्या जागेसाठी आणखी किती जणांना ऑफर दिली आहे? ट्रान्सफर होऊन किती खेळाडू घेता? आज संघात असते तर मी कितवा किंवा कितवी असते? टेनिसमध्ये सिंगल्सच्या सहा जागा असतात. सातव्या क्रमांकाचा खेळाडू चार वर्षं टाळ्या वाजवू शकतो.

अभ्यासाबद्दल: मला हव्या त्या विषयात संघातलं कोणी आहे का? नर्सिंग, आर्किटेक्चर आणि दुपारी लॅब असलेल्या शाखा सरावाशी भांडतात. कोच "सपोर्ट करतो" म्हणेल, तुम्ही त्या शाखेतल्या खेळाडूशी बोलायला मागा.

आणि शेवटी तारीख: उत्तर कधीपर्यंत हवं?

हे सगळं लेखी कसं मिळवायचं? लेखी ऑफर तर देता येत नाही ना?

औपचारिक लेखी ऑफर देता येत नाही. पण बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मुलाने आभाराचं ईमेल पाठवावं आणि त्यात ऐकलेलं पुन्हा मांडावं: "मला समजलं ते असं: एकूण खर्चाच्या साठ टक्के, चार वर्षं, १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर. काही चुकलं असेल तर सांगाल का?" कोच "बरोबर" म्हणेल, दुरुस्त करेल किंवा गप्प राहील. गप्प राहिला तर फोनवर पुन्हा विचारा. हे ईमेल कोर्टात चालवायला नसतं. वर्षभराने नवा असिस्टंट कोच येतो आणि "असं काही ठरलं नव्हतं" म्हणतो, त्या दिवशी ते लागतं.

सहीची वेळ येईल तेव्हा कागद विद्यापीठाचा असेल, कोचचा नाही. पूर्वी त्यासोबत नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (एनएलआय), म्हणजे त्या विद्यापीठाशी बांधणारं पत्र, असायचं. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं आणि आता स्कॉलरशिपचा करार हाच मुख्य कागद आहे. त्यावर सही झाली की इतर विद्यापीठांनी त्या मुलाची भरती थांबवायची असते. एनएलआयवर सही करा असं अजून कोणी सांगत असेल तर त्याची माहिती जुनी आहे.

कोचने तीन दिवसांची मुदत दिली आहे. काय करू?

मुदत खरी असते आणि दबावही असतो, अनेकदा दोन्ही. कोचकडे एकच जागा आणि तीन नावं असतील तर तो वाट पाहू शकत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण दहावी संपलेल्या मुलाला, कॅम्पस न पाहता, बहात्तर तासांत उत्तर मागणारा कोच बाकीचे निर्णय कसे घेत असेल याचाही विचार करा.

मुदत वाढवून मागताना कारण आणि तारीख दोन्ही द्या. "थोडा वेळ हवा" हे चालत नाही. "२० ऑगस्टला आम्ही कॅम्पसवर येतोय, २५ तारखेला पक्कं उत्तर देतो" हे चालतं, आणि चांगले कोच बहुधा मान्य करतात. मागण्याआधी स्वतःला एक विचारा: आजच ही जागा दुसऱ्याला गेली तर दुःख किती होईल? फार होणार असेल आणि पैशाचा हिशेब बसत असेल, तर वेळ मागून काय मिळवायचं आहे ते स्पष्ट असू द्या.

दुसऱ्या विद्यापीठांना या काळात कळवणं योग्यच आहे: "मला एक ऑफर आली आहे, मुदत अमुक आहे, तुमच्याकडे माझं स्थान काय आहे?" हे उद्धट नाही. मात्र नसलेली ऑफर कधी सांगू नका. एकाच खेळाचे कोच वर्षानुवर्षं स्पर्धांमध्ये शेजारी उभे असतात, एका फोनमध्ये खोटं उघडं पडतं.

कॅम्पस न पाहता कमिट करावं का?

शक्य असेल तर नाही. ऑफिशियल भेटीचा खर्च विद्यापीठ करतं, मुलाबरोबर घरच्या दोघांचाही करू शकतं. एकूण भेटींवरची पाचची मर्यादा २०२३ मध्ये उठली, पण एका विद्यापीठाला साधारण एकच ऑफिशियल भेट मिळते. लहान खेळांचं बजेट मुंबईहून तिकीट काढण्याइतकं नसतं, तेव्हा गृहीत धरू नका, विचारा. अनऑफिशियल भेट स्वखर्चाने.

जाता येत नसेल तर संघातल्या दोन खेळाडूंशी, कोच नसताना, व्हिडिओवर बोला. त्यातला एक परदेशी असू द्या आणि एक राखीव बाकावर बसणारा. बाकावरचा खेळाडू खरं सांगतो. शाकाहारी असाल तर जेवणाचंही त्यालाच विचारा; नाश्त्याला काय मिळतं यावर पहिलं सत्र कसं जाईल ते बऱ्याच अंशी ठरतं.

२०२५ नंतर सगळं बदललं म्हणतात. आमच्यावर काय परिणाम?

खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध पैशांसाठी लढलेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीला ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजुरी दिली आणि १ जुलैपासून ती लागू झाली. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना आता स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा नाही, खेळाडूंच्या संख्येची आहे. पूर्वी पुरुषांच्या टेनिसला ४.५ स्कॉलरशिप मिळत आणि त्या कितीही जणांत वाटत. महिलांच्या टेनिसला ८ पूर्ण स्कॉलरशिप होत्या. आता टेनिससाठी संघात जास्तीत जास्त १० खेळाडू, गोल्फला ९, आणि त्या सगळ्यांना पूर्ण स्कॉलरशिप देण्याची मुभा. मुभा आहे, पैसे आहेत असं नाही. बरीचशी रक्कम फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाते, आणि टेनिस, पोहणं, ट्रॅक यांचं बजेट आहे तेवढंच राहतं किंवा घटतं.

म्हणून दोन नवे प्रश्न विचारायचे. तुमचं विद्यापीठ तडजोडीत सामील आहे का? आणि मला मिळतंय ते रोस्टरवरचं (संघाच्या यादीतलं) स्थान आहे की स्थान अधिक पैसे? "रोस्टर स्पॉट" ऐकून स्कॉलरशिप समजणारी घरं आम्ही वारंवार पाहतो. स्थान म्हणजे संघात नाव. फी पूर्ण तुमची असू शकते. पूर्वी "वॉक-ऑन" म्हणून स्कॉलरशिपशिवाय जादा मुलं संघात ठेवता येत, आता संख्येलाच मर्यादा आल्यामुळे शेवटची दोन-तीन नावं सर्वांत आधी कापली जातात. तुमची ऑफर त्या शेपटात आहे का, हे ओळखा.

आयव्ही लीगच्या किंवा डिव्हिजन थ्रीच्या कोचने "ऑफर" दिली तर?

तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही विद्यापीठं आणि संपूर्ण डिव्हिजन थ्री खेळासाठी पैसे देत नाहीत. कोच देतो तो प्रवेशासाठीचा पाठिंबा. मुंबईच्या स्क्वॉशच्या मुलांना हे नीट माहीत असायला हवं, कारण त्या खेळातली बरीच नामांकित कॉलेजं याच गटातली आहेत.

इथे क्रम असा: मार्कशीट आणि चाचण्यांचे गुण देऊन प्रवेश विभागाकडून "प्री-रीड" (प्रवेश मिळेल का याचा पूर्वअंदाज) करून घ्यायचं, डिव्हिजन थ्रीमध्ये ते साधारण अकरावीनंतरच्या जुलैपासून होतं. आयव्हीमध्ये बारावीच्या १ ऑक्टोबरपासून "लाइकली लेटर" (प्रवेश मिळण्याची शक्यता मोठी आहे असं पत्र) मिळू शकतं, आणि ते विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचं पत्र असल्यामुळे कोचच्या शब्दापेक्षा कितीतरी भक्कम असतं. पैसे कुटुंबाच्या उत्पन्नावर मिळतात. म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुमचा खर्च किती, ते सांगणारा) आधी भरा. कोच "अर्ली डिसिजन"ने अर्ज करायला सांगेल. तो अर्ज बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाला की बाकी अर्ज मागे घ्यावे लागतात. आर्थिक मदतीचा अंदाज हातात आल्याशिवाय तो भरू नये.

आमच्या खेळाला मुळात स्कॉलरशिप असते का?

क्रिकेट, कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन: एनसीएएत नाहीत. फील्ड हॉकी फक्त महिलांची. नेमबाजीत फक्त रायफल आहे, दहा मीटर एअर रायफल आणि स्मॉलबोअर; पिस्तूलवाल्यांना तिथे जागा नाही. कोल्हापूर-पुण्याच्या रायफलच्या मुलामुलींसाठी ही फारशी कोणी न विचारलेली वाट आहे, कारण वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन), अलास्का फेअरबँक्स अशा मोजक्याच विद्यापीठांत चांगले संघ आहेत. पण पैसे थोडे असतात: जुन्या नियमात संपूर्ण संघाला ३.६ स्कॉलरशिप.

कुस्ती आहे, पण पुरुषांची कॉलेज कुस्ती फोकस्टाइल नियमांनी चालते, ती फ्रीस्टाइल नाही. खाली दाबून धरण्याच्या वेळेचाही गुण असतो. तालमीतून थेट गेलेल्या पैलवानाला पहिलं वर्ष नियम अंगवळणी पाडण्यात जातं. महिलांची कॉलेज कुस्ती मात्र फ्रीस्टाइलच आहे.

टेनिस आणि ॲथलेटिक्स हे भारतीयांचे जुने रस्ते. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचा एकेरी विजेता होता. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीत जिंकला.

दहावी-बारावीच्या गुणांचं काय? खेळ चांगला असला की चालतं ना?

नाही, आणि ऑफर मोडण्याचं हे सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण आहे. कोचने होकार दिला तरी दोन दारं उरतात: विद्यापीठाचा प्रवेश आणि खेळाडूची पात्रता तपासणारं एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर.

डिव्हिजन वनसाठी नववी ते बारावीत १६ कोर विषय लागतात: इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्र २, यांतलंच आणखी एक वर्ष इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचं, आणि ४ इतर मान्य विषय. कोर विषयांचा जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) किमान २.३ (डिव्हिजन टूला २.२). अमेरिकेत शिकणाऱ्यांना यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण करावे लागतात, त्यातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. आणि ते १० गोठतात: गुण वाढवायला पुन्हा घेतलेला विषय मोजत नाहीत.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची अडचण वेगळी. अकरावीला कॉमर्स किंवा आर्ट्स घेऊन गणित सोडलं की गणिताची नववी आणि दहावी अशी दोनच वर्षं भरतात, तिसरं कुठून आणणार? सराव-स्पर्धांमुळे सोपी शाखा घेण्याचा सल्ला इथे उलटतो. अकरावीचा फॉर्म भरण्याआधी कोचला सांगून विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसकडून (एनसीएएचे नियम सांभाळणारा विभाग) विषयांची यादी तपासून घ्या. नववीची मार्कशीट जपून ठेवा, ती बहुतेक घरांत सापडत नाही. "ड्रॉप" घेऊन एक वर्ष फक्त खेळण्याचा विचार असेल तर आधी नियम विचारा. शाळा संपल्यावर ठरावीक मुदतीनंतरही स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजचा एक सीझन कमी होऊ शकतो, आणि टेनिसमध्ये ही सवलत इतर खेळांपेक्षा कमी असते. बक्षिसाची रक्कम घेण्याआधीही त्याच ऑफिसला विचारा, मानधन किंवा जाहिरात घेण्याआधी तर नक्कीच.

एसएटी आता एनसीएएला लागत नाही, पण विद्यापीठाला लागू शकते. टेक्सास विद्यापीठ (ऑस्टिन), जॉर्जटाउन, फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं ती मागतात. ऑफर आल्यावर पहिल्याच महिन्यात कोचला सांगा की मार्कशीट प्रवेश विभागाला दाखवून पूर्वअंदाज घ्या. कोच हे करायला टाळाटाळ करत असेल तर ऑफर अजून कच्ची आहे.

व्हिसाचा आणि कराचा संबंध कुठे येतो?

भारतातून जाणाऱ्याला विद्यापीठ आय-२० देतं, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद. त्यावर वर्षाचा खर्च आणि स्कॉलरशिप दोन्ही छापलेली असतात. उरलेली रक्कम बँकेच्या कागदांवर तुम्ही दाखवायची. पन्नास टक्के स्कॉलरशिप असलेल्या मुलाला व्हिसा अधिकारी उरलेल्या पन्नास टक्क्यांबद्दल विचारणारच. सेव्हिस (विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) फी ३५० डॉलर आणि व्हिसाची अर्ज फी १८५ डॉलर, वेगवेगळ्या.

कराचं बहुतेकांना पहिल्या सत्रात कळतं. ट्यूशन आणि अनिवार्य पुस्तकांसाठीची स्कॉलरशिप करमुक्त, राहण्या-जेवणासाठीची करपात्र. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या करपात्र भागातून विद्यापीठ १४ टक्के कापतं. राहणं-जेवण १६,००० डॉलर असेल तर २,२४० डॉलर, आणि "फुल राइड" असूनही बिल येतं. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन (करातून ठरावीक वजावट) घेता येतं, त्यामुळे १०४०-एनआर हे कर विवरणपत्र भरल्यावर यातलं बरंच परत मिळतं. पण ते पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी हातात रोख ठेवा.

एनआयएल, म्हणजे नाव-चेहऱ्याचे पैसे: एफ-१ वर अमेरिकेत बसून असं काम करणं व्हिसाला धोका आहे. कोच आकडा सांगून मोह घालत असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं आणि स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाचं मत घ्या.

अमेरिकेतच एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाढलेल्या मुलांनाही काम करता येत नाही, म्हणून एनआयएल तिथेही अडतं. सरकारी फेडरल मदत मिळत नाही, पण खेळाची स्कॉलरशिप विद्यापीठाची असते, ती मिळते. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षात. कोचला हे आधीच सांगा आणि एफ-१ कडे वळण्याचं वेळापत्रक ठरवा.

खेळाच्या आणि गुणांच्या स्कॉलरशिप एकत्र मिळतात का?

अनेक ठिकाणी हो, आणि आपल्या मुलांसाठी हाच बहुधा चांगला मार्ग. कोच थोडे पैसे देतो, गुणांवर विद्यापीठ जास्त देतं, दोघांनाही परवडतं. पण गुणांवरच्या रकमेला जीपीए टिकवण्याची अट असते, अनेकदा ३.० किंवा त्याहून वर. प्रवासाच्या सीझनमध्ये एक विषय घसरला तर जाते. अट किती, आणि एका सत्राची संधी देतात का, हे प्रवेश विभागाला विचारा. कोचला याचा तपशील बहुधा माहीत नसतो.

दुखापत झाली तर स्कॉलरशिप काढून घेतात?

कराराच्या मुदतीत दुखापतीमुळे किंवा खराब खेळामुळे ती कमी किंवा रद्द करता येत नाही. स्वतःहून संघ सोडलात, शिस्तभंग केलात, अभ्यासात अपात्र ठरलात तर करता येते. नूतनीकरण होणार नसेल तर तसं १ जुलैपर्यंत लेखी कळवावं लागतं आणि सुनावणी मागता येते. सही करण्याआधी विम्याचं विचारा: खेळातल्या दुखापतीचा खर्च कोण करतं, आणि शिक्षण संपल्यावर किती काळ. परदेशी विद्यार्थ्याच्या सक्तीच्या आरोग्य विम्याचा हप्ता स्कॉलरशिपमध्ये आहे की नाही, हेही.

पण हे संरक्षण कराराला आहे, तोंडी ऑफरला नाही. कमिट केल्यानंतर आणि सहीपूर्वी मोठी दुखापत झाली तर कोचला लपवू नका. एमआरआय झाल्याच्या आठवड्यात सांगा. लपवलेलं मेडिकलमध्ये निघतंच.

एजंटला पैसे देऊन हे सगळं करून घ्यावं का?

मार्गदर्शनाची ठरावीक फी घेणारे चालतात. "स्कॉलरशिपच्या इतके टक्के" किंवा "प्रवेश झाल्यावर उरलेले द्या" म्हणणारा चालत नाही. फी स्कॉलरशिपशी जोडली की एनसीएएच्या नजरेत तो एजंट ठरतो आणि मुलाची पात्रता धोक्यात येते. मुलाच्या नावाने स्वतः कोचशी चॅट करणाऱ्याला आजच थांबवा.

हो म्हटलं आहे, पण आता मन बदललंय.

होतं असं. आधी मुख्य कोचला फोन, मग ईमेल, मग क्लबचा कोच. सोशल मीडिया शेवटी. कारण दोन वाक्यांत सांगा, लांबण लावू नका, दुसऱ्या विद्यापीठाचं नाव सांगण्याची सक्ती नाही. नव्या जागेबद्दल खात्री झाल्याशिवाय जुनी सोडू नका हा सल्ला सगळे देतात, आम्हीही देतो. पण कमिट असताना गुपचूप दुसरीकडे ऑफिशियल भेटीला गेलात तर पहिल्या कोचला ते संध्याकाळपर्यंत कळतं. जाण्याआधी त्याला सांगून जा.

आणि कोचच सोडून गेला तर?

पहिल्या दोन दिवसांत ॲथलेटिक विभागाच्या प्रशासकाला ईमेल करा: माझी ऑफर अशी होती, ती कायम आहे का, नवा कोच कधी नेमणार? सोबत तो जुना "बरोबर" म्हणणारा ईमेल जोडा. नवा कोच आल्याच्या आठवड्यात त्याला ताजा व्हिडिओ, चालू क्रमवारी किंवा वेळ, आणि मार्कशीट पाठवा. त्याला तुम्ही माहीत नाही, त्याची स्वतःची यादी आहे. दरम्यान आधी नकार दिलेल्या दोन-तीन विद्यापीठांना पुन्हा लिहिण्यात काहीच कमीपणा नाही. नीट शब्दांत नकार दिला असेल, तर ते उत्तर देतात.

नकार कसा द्यायचा?

लवकर आणि स्वतः. "इतर संधीचा विचार करून मी वेगळा निर्णय घेतला आहे, तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आभार." उत्तरच न देणं ही सर्वांत वाईट पद्धत आहे, आणि सर्वांत जास्त वापरली जाणारीही. तो कोच दोन वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठात असतो, तुमचा मुलगा ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत.